कोरं पाणी

नरोलीच्या त्या चाळीत नदीचं पाणी आलं, तेव्हा सगळ्यात आधी डाळी शिजल्या. त्याआधी बोअरचं पाणी होतं, आणि ते पाणी म्हणजे निव्वळ सासुरवास. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी तुरीची डाळ दाताखाली कचकचायची, साबणाला फेस यायचा नाही, आणि चहाच्या पातेल्याला आतून पांढरा थर असा बसायचा की उलथन्याने खरवडला तरी निघत नसे. होळीच्या सुमारास शेठने बोअर बंद करून टाकीला नदीच्या पाण्याची लाइन जोडली. भाडं वाढवायला निमित्त झालं, पण बायका खूश होत्या. "नदीनुं पाणी छे, सारू छे," असं शेठ फोनवर म्हणाला, आणि खरोखरच चांगलं होतं. रोशनीने पहिल्या दिवशी डाळ लावली आणि तिचा पार लगदा झाला.

चाळ म्हणजे एका रांगेत बांधलेल्या, वर पत्रे टाकलेल्या खोल्या. पलीकडे कारखान्याची भिंत, आणि भिंतीच्या वर दिसणारं धुराडं. खोल्यांपुढून एकच जुना लोखंडी पाइप जमिनीलगत गेलेला. त्याला दोन नळ होते, एक मध्यावर आणि एक अगदी टोकाला, समाधान आणि रोशनीच्या खोलीसमोर. मधल्या नळाला जोर होता, म्हणून सगळी चाळ तिथेच भांडी लावायची. टोकाच्या नळाला पाण्याची करंगळीएवढी धार. त्याला कुणी फारसं विचारत नसे.

पुतळाबाईला मात्र तो टोकाचा नळ मनापासून आवडला.

पुतळाबाई म्हणजे समाधानची आई, रोशनीची सासू. साक्रीकडच्या गावी नवरा बारकू मागच्या पावसाळ्यात वारला, तेव्हा समाधानने तिला इकडे आणलं. खोली एकच. पडदा लावून तिचे दोन भाग केले होते. पुतळाबाई पडद्याच्या दाराकडच्या बाजूला झोपायची आणि पहाटे सगळ्यांआधी उठायची. बोलायची कमी, पण एखादी गोष्ट मनात घेतली की तिला हलवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. या उन्हाळ्यात तिने मनात घेतली होती आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया. बारकू गेल्यानंतरची ही पहिली आखाजी. त्याच्या नावाने घागर भरायची, पान वाढायचं, पानावर आमरस, पुरणपोळी आणि कुरडई. बारकूला कुरडई फार आवडायची. जेवताना आधी तो कुरडई मोडायचा, मग घास घ्यायचा.

"दुकाननी कुरडई नको," पुतळाबाईने आधीच सांगून टाकलं. "घरनीच पाह्यजे. धवळी फेक."

गावाकडून गव्हाचं पोतं आलं. तीन दिवस गहू भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, मग वाटायचा, चीक काढायचा, निवळत ठेवायचा. या सगळ्याला पुतळाबाईला कोरं पाणी लागायचं. कोरं म्हणजे ज्याच्याखाली त्या दिवशी अजून कुणाचं भांडं लागलेलं नाही, कुणाचा हात लागलेला नाही, असं पहाटेचं पहिलं पाणी. गावी ती विहिरीवर सगळ्यांआधी जाऊन पोहरा टाकायची. इथे विहीर नव्हती, पण टोकाचा नळ होता. रात्रभर त्याला कुणी हात लावत नाही, दिवसाही फारसं कुणी भरत नाही. इतकं कोरं पाणी गावच्या विहिरीवरही कधी मिळालं नसतं.

रोशनी सायली गावातल्या एका धाग्याच्या कारखान्यात पॅकिंगला होती. दिवसभर उभं राहून धाग्याचे कोन पिशवीत घालायचे, पिशव्या खोक्यात. धाग्याचा बारीक कोंडा नाकात जायचा आणि संध्याकाळी थुंकीतून निघायचा. बाथरूमला जायचं तर सुपरवायझरकडून पितळेचा बिल्ला मागायचा, आणि तो दहा जणींत एकच. घरी आली की पोटऱ्या लाकडासारख्या झालेल्या असायच्या. तरी गव्हाचं पोतं आल्यापासून ती संध्याकाळी सासूसोबत बसून गव्हातले खडे काढायची. दोघी फार बोलायच्या नाहीत. पण ते बसणं रोशनीला बरं वाटायचं. लग्नाला चार वर्षं होऊन गेली होती आणि सासूने आपल्याला काही शिकवावं अशी ही पहिलीच वेळ होती.

चीक काढायचा दिवस तिच्या सुटीचा होता. पुतळाबाईने अंधारात उठून टोकाच्या नळावर हंडा भरला. शेजारच्या खोलीतल्या बायडाबाईचा मिक्सर आणला. दोघींनी मिळून गहू वाटला, फडक्यातून गाळला. पातेल्यात चीक उतरला तो दुधासारखा. पुतळाबाईने त्यावर आणखी कोरं पाणी ओतलं, झाकण ठेवलं, झाकणावर पाटा ठेवला आणि म्हणाली, "आते संध्याकाळलोंग कोनी हात नही लावाना."

मग ती बायडाबाईबरोबर बाजाराला गेली. बारकूच्या नावाने भरायला मातीची घागर बघायची होती. रोशनीने कपडे धुतले, भाकरी टाकल्या, फरशी पुसली आणि थोडा वेळ पंख्याखाली आडवी झाली. पातेल्याकडे तिने पाहिलंही नाही.

ऊन उतरल्यावर पुतळाबाई आली. पाय धुतले, पाटा उचलला, झाकण काढलं.

वरचं पाणी बिनदुधाच्या चहासारखं झालं होतं. ते तिने ओतून टाकलं तर खाली चिकावर तांबूस साय बसलेली. बोटाने ती बाजूला केली, तर खालचा चीकही पांढरा राहिलेला नव्हता. मातीत पडलेल्या कापडासारखा दिसत होता.

पुतळाबाईने बोट लुगड्याला पुसलं. मग तिने मान वर केली.

"तुले अडचन शे का?"

रोशनीला आधी प्रश्नच कळला नाही. कळल्यावर कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "नही, आत्याबाई."

"मंग हाई काय शे?"

"माले काय माहीत?"

"सकाळले मी मना हाते भरं. काचसारखं व्हतं. गाळं तवय दूधसारखं व्हतं. घरमा कोन व्हतं मंग?"

"मीच व्हतू. पन मी झाकनले हात बी नही लावा."

"हात नही लावा तरी सावली पडस."

विटाळशीची सावली पडली तर पापड लाल होतात, लोणचं बुरसतं, चीक नासतो, हे रोशनीला लहानपणापासून माहीत होतं. तिच्या माहेरीही तसंच मानायचे. तिलाही ते खोटं वाटत नव्हतं. म्हणूनच तिला जास्त लागलं. त्या नियमाप्रमाणे पाहिलं तर चीक लाल व्हायला कारण हवं होतं आणि ते कारण घरात एकटी तीच होती. तिला अडचण नव्हती. ती तर मागच्या आठवड्यात येऊन गेली होती, आणि तेव्हा ती रीतीप्रमाणे बाजूला बसली होती. पण पुतळाबाई तेव्हा चार दिवस धुळ्याला लेकीकडे, सोनीकडे गेलेली. तिने पाहिलंच नव्हतं.

समाधान पहिल्या पाळीवरून आला. तो मसाटच्या कारखान्यात बॉयलरवर होता. भट्टीजवळ उभं राहून त्याच्या हातावरचे केस जळून गेले होते आणि तो आला की अंगाला तापलेल्या लोखंडाचा वास यायचा. त्याने दाराशी बूट काढले. पातेलं मध्येच होतं. त्याने त्यात पाहिलं, बोट बुडवलं, बोटावरचा तांबूस चीक अंगठ्याने चोळला आणि पाण्याच्या हंड्यावर हात धुतला.

"पाह्य," पुतळाबाई म्हणाली. "तुना बापना चीक."

समाधानने हात पुसायला टॉवेल ओढला.

"इले अडचन शे. लपाडी राहिनी. इच्यार तिले. खरं बोलस का रे ती?"

रोशनी पडद्याला धरून उभी होती. समाधानला सगळं माहीत होतं. एका खोलीत राहणाऱ्या नवऱ्याला हे माहीत नसतं असं कसं होईल? त्याने तोंड उघडायचा अवकाश होता. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर खाली घातली आणि मोजे काढायला लागला.

"माले काय माहीत, माय," तो म्हणाला. "जाऊ दे. जेवाले दे."

त्या संध्याकाळी पुतळाबाईने स्वतः भाकरी केल्या. रोशनीचं ताट दाराच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं. पाणी वरून ओतलं, हाताला हात लागणार नाही असं. अंथरूण दाराशी टाकायला सांगितलं. रोशनीने टाकलं. वाद घालायचा तर कुणाशी घालायचा, हे तिला कळत नव्हतं. चीक पुतळाबाईने गटारीत ओतला. सगळी भांडी राखेने घासली. पाटाही धुतला.

अडचण नसताना बाजूला बसायचं, म्हणजे नेमके किती दिवस हे कुणाला माहीत नसतं. रोशनी पुतळाबाईने उठ म्हणेपर्यंत बसली. कारखान्यात कुणाला काही माहीत नव्हतं. तिथे तिने बिल्ला मागितला की मिळायचा, कोन हाताला लागले तरी धागा लाल व्हायचा नाही. तिथेच तिला हलकं वाटायचं, पण हे तिच्या लक्षात यायचं नाही. लक्षात यायचा तो फक्त घरचा उंबरा.

पुतळाबाईने दुसऱ्यांदा गहू भिजवला. या वेळी तिने सगळं नीट केलं. चीक काढायच्या दिवशी रोशनी पहाटेच बाहेर पडली. सासूने झोपेतून उठवून सांगितलं होतं, "तू जाय आते. संध्याकाळलोंग इकडे नको येऊ." कारखाना उघडायला वेळ होता, म्हणून रोशनी रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीमागे बाकावर बसून राहिली. टपरीवाला उत्तरेकडचा होता. त्याने विचारलं, "क्या हुआ भाभी?" ती म्हणाली, "कुछ नहीं." ट्रक जात होते. धूळ तिच्या पोलक्यावर बसत होती आणि तिला ती झटकावीशी वाटली नाही.

संध्याकाळी घरी आली तर पातेलं उपडं करून ठेवलेलं होतं. गटारीच्या तोंडाशी तांबूस डाग होता.

तिला क्षणभर बरं वाटलं. आपण घरात नव्हतो. आता तरी सासूला कळेल. तिने पिशवी खाली ठेवली आणि वाट पाहिली.

"गहूलेच लागेल शे," पुतळाबाई भिंतीकडे बघत म्हणाली. "खडे कोन काढी राहिनं व्हतं?"

खडे दोघींनी मिळून काढले होते. पण ते बोलून उपयोग नव्हता.

बायडाबाई काही वाईट बाई नव्हती. तिचा मिक्सर दोनदा वापरला गेला होता आणि मिक्सरच्या भांड्याला तांबूस डाग पडला होता, एवढंच. तिने मधल्या नळावर कुणाला तरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी रोशनी हंडा घेऊन गेली तर बायका जरा बाजूला झाल्या. एकजण म्हणाली, "आम्ही भरून घेतो, मग तू भर हं, बाई." रोशनी थांबली. सगळ्यांचं झाल्यावर तिने भरलं. त्यानंतर ती रोजच थांबायला लागली. कुणी सांगायची गरज राहिली नाही.

एका संध्याकाळी समाधान म्हणाला, "तू मनवर नको लेऊ."

"नही लेत," ती म्हणाली. आणि खरंच घेत नव्हती. मनावर घ्यायला मन तिथे असायला हवं. तिचे हात पीठ मळत होते आणि तिला वाटत होतं की हे हात दुसऱ्याच कुणाचे आहेत आणि ती ते नुसते बघतेय.

आखाजी जवळ आली. पोत्यात पुतळाबाईला आणखी एकदा पुरेल एवढा गहू उरला होता. तिने तो झाकून ठेवला. भिजवायला तिला धीर होत नव्हता. दिवसभर ती दाराशी बसून राहायची. बारकूच्या पानावर कुरडई नाही, हे तिच्या मनातून जात नव्हतं. एकदा रोशनीने पाहिलं, सासू रिकाम्या घागरीत हात घालून बसली होती. रोशनीला तिची दया आली. स्वतःची येत नव्हती, हे मात्र विचित्र होतं.

शेठला चाळीच्या टोकाला आणखी दोन खोल्या काढायच्या होत्या. त्यासाठी पाइप वाढवायला ललित नावाचा प्लंबर आला. तो तलासरीकडचा होता. तोंडाने सतत काहीतरी बोलत काम करायचा. त्याने वरचा व्हॉल्व बंद केला आणि टोकाच्या नळापासून हातभर अंतरावर पाइप कापायला बसला. समाधान नुकताच पाळीवरून आला होता. तो दाराशी उभा राहून बघत होता. रोशनी बादली घेऊन मधल्या नळाकडे निघाली होती, पाणी बंद म्हणून थांबली.

कापलेला तुकडा ललितने उचलून उजेडात धरला.

"हे बघा, भाई. याला पाइप म्हणायचं?"

पाइपाच्या आत नारळाच्या करवंटीच्या आत असतो तसा जाड थर होता. आधी पांढरा, त्याच्यावर काळपट, आणि सगळ्यात आत लालभडक, भुसभुशीत. मध्ये बोट जाईल एवढंच भोक उरलेलं. ललितने तुकडा दगडावर आपटला. थराचा चुरा पडला, ओल्या विटेसारखा. बायडाबाईही बाहेर आली. पुतळाबाई दाराशी बसल्या जागीच मान उंचावून बघायला लागली.

"याच्यातून लोक पाणी पितात," ललित म्हणाला. "कमाल आहे."

समाधानने तुकडा हातात घेतला. त्याने बोटाने लाल थर खरवडला. तो ललितशी बोलला, सहज, पाळीवरच्या माणसाशी बोलावं तसं.

"बोअरचं पाणी बंद झालं तवाच मी म्हटलं होतं मनात, हे होणार. बोअरचं पाणी जड. ते पाइपात आतून पांढरा थर बसवतं. थर बसला का लोखंड झाकलं जातं, त्याला पाणी लागत नाही. नदीचं पाणी हलकं. त्यात थर बसवायला काही नसतंच. उलटा जुना थर ढिला करतं आणि लोखंडाला भिडतं. आमच्या बॉयलरला असलं पाणी सोडलं तर ट्यूबा खाऊन टाकील. आम्ही आधी केमिकल टाकतो, मग सोडतो."

"पण मधल्या नळाला तर लाल येत नाय."

"तिथं पाणी वाहतं ना. इथं टोकाला उभं राहतं. रात्रभर. रात्रभर उभं राहून लोखंड पाण्यात उतरतं. निघताना एकदम साफ दिसतं, काचेसारखं. हवा लागली का मग हळूहळू लाल होतं. दुपारपर्यंत."

ललितने मान हलवली आणि नवा प्लास्टिकचा पाइप मापायला लागला.

रोशनीच्या हातात बादली होती. तिने ती खाली ठेवली नाही. ती फक्त समाधानकडे बघत राहिली. त्याला ते उशिरा कळलं. त्याने तुकडा हळूच जमिनीवर ठेवला, जणू तो गरम होता.

खोलीत आल्यावर तिने विचारलं. पुतळाबाई अजून बाहेर होती.

"तुम्हले माहीत व्हतं?"

"अंदाज व्हता."

"पहिल्याच दिवशी? बोट बुडायं तवय?"

समाधान टॉवेलने तोंड पुसत होता. तोंड कोरडंच होतं. "हा."

"मंग बोलनात का नही?"

"मायले काय सांगू? तिले बाबानी घागर पडेल व्हती. तिनं कोरं पानी, तिनी रीत. मी म्हनू का तुनंच पानी खराब शे? ती आयकती?"

"मधल्या नळनं ले, एवढंच बोलनं व्हतं."

त्याने टॉवेल खुंटीला अडकवला.

"आनि दुसरं? माले अडचन नव्हती. ते बी तुम्हले माहीत व्हतं."

"माले वाटनं, दोन दिवसमा इसरी जाई ती."

त्याच्यावर राग यावा म्हणून रोशनीने वाट पाहिली. सासूवर राग यायचा, नळावरच्या बायकांवरही थोडा यायचा. याच्यावर आलाच नाही. तिथे काही नव्हतंच, राग बसायला जागाच नव्हती. ती पीठ काढायला उठली.

ललितने मधल्या नळापासून पुढचा सगळा जुना पाइप काढून नवा बसवला. टोकाच्या नळाला आता जोर आला. पुतळाबाईने उरलेला गहू भिजवला आणि पहाटे उठून टोकाच्याच नळाचं पाणी भरलं. संध्याकाळी झाकण काढलं. चीक पांढराच होता.

तो शिजवला, सोऱ्यातून बाजेवरच्या धुतलेल्या लुगड्यावर कुरडया घातल्या. उन्हात त्या चकाकायला लागल्या. पाइपाबद्दल समाधान ललितशी बोलला ते पुतळाबाईने बसल्या जागी ऐकलं होतं. बहिरी नव्हती ती. पण रोशनीला ती एक शब्द बोलली नाही. बायडाबाई कुरडया बघायला आली तेव्हा म्हणाली, "कोरं पानी लागसच. त्याशिवाय धवळी व्हत नही." बायडाबाईने होकार भरला. रोशनी बाजेच्या पलीकडे उभी राहून कावळे हाकत होती.

तरी पुतळाबाईला आतून काहीतरी झालं असावं. त्या रात्री तिने रोशनीचं ताट आपल्या ताटाशेजारी ठेवलं आणि ताटात तळलेल्या कुरडईचा मोठा तुकडा ठेवला. "खाय," म्हणाली. पुतळाबाईकडून एवढं म्हणजे फार होतं. रोशनीने खाल्ली. चांगली झाली होती. मिठाला थोडी कमी.

आखाजीचा दिवस उजाडला. पुतळाबाईने दाराशी सारवून चौक घातला. नवी घागर ठेवली. शेजारी लोटा, खरबूज, दोन आंबे. बारकूचं पान आत मांडायचं होतं. समाधानने सुटी घेतली होती. अंघोळ करून तो नवं धोतर नेसून, जरा अवघडून, भिंतीशी बसला होता. बारकूच्या नावाने घास त्यालाच टाकायचा होता.

घागर मात्र घरच्या सवाष्ण सुनेने भरायची, अशी त्यांच्याकडची रीत. पुतळाबाईच्या कपाळावर आता कुंकू नव्हतं. तिला ती भरता येत नव्हती.

तिने घागर उचलून रोशनीपुढे धरली. आवाज मऊ होता. "जाय, पोरी. अजून टोकना नळले कोनी हात नही लावा. कोरं पानी भरी लय."

रोशनी पडद्याजवळ उभी होती. केस धुतलेले, हिरवं लुगडं. घागरीच्या कडेवर लावलेलं हळदकुंकू अजून ओलं होतं. तिने हात पुढे केला नाही.

"माले अडचन शे," ती म्हणाली.

पुतळाबाईचे हात घागरीवर तसेच राहिले. ती रोशनीच्या डोक्याकडे, मग पायांकडे बघत राहिली. रोशनीने काही लपवलं नाही, काही दाखवलंही नाही. बारकूसाठी पहाटेपासून उपाशी असलेल्या त्या म्हातारीचा चेहरा बघून तिला वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही.

पुतळाबाई लेकाकडे वळली. तिचा आवाज आता मऊ नव्हता.

"खरं बोलस का रे ती?"

समाधानने वर पाहिलं. आधी आईकडे, मग बायकोकडे. त्याला तिच्या अडचणीचा दिवस माहीत होता. त्याला अजून वेळ होता. रोशनी त्याच्याकडे बघत नव्हती. ती दाराबाहेर टोकाच्या नळाकडे बघत होती, तिथे पांढरा नवा पाइप उन्हात चमकत होता.

"हा, माय," तो म्हणाला. "खरं शे."

लग्न झाल्यापासून आईसमोर तो पहिल्यांदाच तिच्या बाजूने बोलला होता. रोशनीने ते ऐकलं. खुंटीवरची चटई काढली, उंबऱ्याबाहेर जाऊन अंथरली आणि तिच्यावर बसली.

मग समाधान उठला, आईच्या हातातून घागर घेतली आणि नव्या धोतरात, रोशनीला ओलांडून, टोकाच्या नळावर गेला. मधल्या नळावरच्या बायका बघायला लागल्या. त्याने नळ सोडला आणि घागरीत पाणी पडायला लागलं.